पाण्याच्या तोंडापुढं

कालव्याला पाणी सुटायचं असलं की आदल्या संध्याकाळी आई चार भाकरी जास्त थापायची. निरोप घेऊन सायकलवरून शिपाई यायच्या आधीच तिला कसं कळायचं कोण जाणे, पण तिनं परातीत पीठ जास्त घेतलं की मी समजायची, उद्या तात्या चालायला निघणार. तात्या म्हणजे माझे वडील. बारामतीच्या खालच्या अंगाला कालव्याच्या भरावाला टेकून दोन खोल्यांची दगडी चौकी होती, वर पत्रा, पुढं लिंबाचं झाड. तिथंच आम्ही राहायचो. तात्या कालव्याचे चौकीदार होते. सात मैल कालवा त्यांच्या वाट्याला. चौकीपासून सुरू व्हायचा तो इंदापूर तालुक्याच्या हद्दीत बराच आत जाऊन एका मोठ्या दारापाशी संपायचा. दार म्हणजे लोखंडी फळी, चाकानं वर-खाली होणारी. त्या दाराच्या पुढं दुसऱ्याची हद्द.

आमच्या घराला दोन आवाज होते. एक पाणी असतानाचा आणि एक पाणी नसतानाचा. पाणी असलं की रात्रंदिवस भरावाच्या पलीकडून कुणीतरी हळू बोलत असल्यासारखं वाटायचं. पाणी बंद झालं की पहिले दोन-तीन दिवस मला झोप लागायची नाही, इतकं गप्प व्हायचं. मग आईच्या भाकरीचा थपथप आवाज, सांजच्याला सगळ्यांनी मिळून म्हटलेलं त्रिशरण-पंचशील, आणि लांब एमआयडीसीचा भोंगा, एवढंच काय ते ऐकू यायचं. तात्यांचा आजा गावच्या आडावर पोहऱ्याला हात लावू शकत नव्हता. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. नातू मात्र अख्ख्या कालव्याच्या पाण्यापुढं चालायचा आणि मोठमोठे बागाईतदार "तात्या, आमच्याकडं कवा येतंय पानी?" म्हणून विचारायला चौकीच्या पायरीवर बसायचे. तात्या हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण पाणी सुटायच्या दिवशी त्यांना खाकी सदरा कडक धुतलेलाच लागायचा, आणि आई तो तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची.

आता पाण्यापुढं चालणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण हल्ली कुणाला ते ठाऊक नाही. कोरड्या कालव्यात पाणी सोडलं की ते धावत येत नाही. तहानलेली जमीन त्याला पिऊन टाकते, भेगा पितात, उंदरांची बिळं पितात. पाण्याचं जे पुढचं टोक असतं त्याला आम्ही तोंड म्हणायचो. ते म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं सरकतं. पुढं वाळका पाचोळा, काटक्या, फेस, त्यात पळणारे विंचू आणि किडे, आणि ते किडे खायला पुढं पुढं उडत बसणारे बगळे. चौकीदारानं भरावावरून त्या तोंडाच्या शे-दोनशे पावलं पुढं चालायचं आणि कालव्यात कोण असेल त्याला उठवायचं. महिना-दीड महिना कालवा कोरडा असला की लोकांना तो आपल्या अंगणासारखाच वाटतो. कुणी शेरडं चारतंय, पोरं विटीदांडू खेळताहेत, पुलाच्या सावलीत कुणी घोंगडं टाकून झोपलंय. या सगळ्यांचा भरवसा तात्यांच्या आरोळीवर. "पानी आलं हो, पानी!" अशी त्यांची एक लांब आरोळी होती. ती ऐकली की लोक काही घाई करायचे नाहीत. घोंगडं झटकायचे, शेरडं हाकायचे, "आलं व्हय तात्या?" म्हणत सावकाश वर यायचे. तात्यांनी आवाज दिला म्हणजे अजून हाताशी वेळ आहे, असं सगळ्या वाटेनं ठरलेलं होतं.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. सुट्टीला मैत्रिणींबरोबर पाठीवर पिशवी बांधून चालायला जाते आणि आली की मला सांगते, आई, आज आम्ही इतके किलोमीटर चाललो. फोटो दाखवते. मी म्हणते, बाई गं, तुमच्या वाटेला बाण काढलेले असतात, हाटेल असतं. ती हसते. पण तिच्या पायाचे फोड बघितले की मला माझे आठवतात. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या पायात आईच्या जुन्या स्लिपर होत्या, टाचेकडं झिजून कागदासारख्या झालेल्या.

मी चालायला का जायची, तर तात्यांच्या डोळ्यांपायी. आधी आईच्या लक्षात आलं. तात्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि वर आईलाच म्हणाले, कप कुठं सरकवला. मग ते कालव्याकडेचे मैलाचे दगड हातानं चाचपून वाचायला लागले. दिवसा उजेडात सगळं पांढरं धुकं दिसतंय, असं त्यांनी आईला एकदा सांगितलं, ते मी चुलीपाशी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं. आई म्हणाली, दवाखान्यात जाऊ. तात्या म्हणाले, दवाखान्यात गेलो की कागद होणार, कागद हापिसात जाणार, आणि आंधळा चौकीदार ठेवतंय कोण. चौकी सोडायची तर जायचं कुठं? शिवाय त्यांच्या वडिलांचे डोळे गेले ते गेलेच होते, त्यामुळं आपलंही तसंच होणार ही त्यांनी मनाशी गाठच मारली होती. मोतीबिंदू काढता येतो हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. आज हे लिहिताना मला हसू येतं. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही चार माणसांपासून लपत फिरलो.

तर ठरलं असं, की पाळी सुटली, म्हणजे कालव्याला ठरल्या वेळचं पाणी आलं, की मी शाळा बुडवून तात्यांबरोबर जायचं. लोक विचारतील तर, पोरीला चालायची हौस हाय. मी डाव्या हाताला चालायची. पुढं काही दिसलं की हळूच बोलायची, "तात्या, तीन शेरडं आन एक पोरगी," की तात्या लगेच आरोळी ठोकायचे, "ए पोरी, शेरडं काढ वर!" पोरगी बिचारी चकित व्हायची, एवढ्या लांबून यांनी मला ओळखलं कसं. पाण्याची खोली मोजायला दारापाशी आकडे रंगवलेली पट्टी असायची. ती मी वाचायची आणि तात्यांच्या पाठीवर बोटानं आकडा काढायची. चार पाळ्या आम्ही असं निभावलं. खरं सांगते, मला त्याची गंमत वाटायची. शाळेत मला कुणी काही विचारत नव्हतं, इथं माझ्यावाचून पाण्याचं पान हलत नव्हतं.

त्या दिवशी चैत्रातलं ऊन होतं. पहाटे पाणी चौकीपाशी आलं आणि आम्ही निघालो. आईनं फडक्यात भाकरी, लसणाची चटणी, कांदा आणि मूठभर भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या होत्या. पाण्याची बाटली मात्र चौकीच्या पायरीवरच राहिली, हे आम्हाला दीड मैलावर कळलं. पहिल्या पुलावरून एमआयडीसीकडं जाणाऱ्या मोटरसायकली चालल्या होत्या, एकेका गाडीवर दोघं दोघं, मागच्याच्या मांडीवर डबा. तात्या गाडीच्या आवाजावरूनच हात वर करायचे आणि गाडीवरचा पण "काय तात्या, सुटलं का?" म्हणून जायचा. कुणाला काही संशय येत नव्हता. ऊस, कडवळ, मध्येच एखादा द्राक्षाचा मळा, परत ऊस. मागं पाण्याचं तोंड सरकताना खसखस आवाज करायचं, जसं कुणी वाळक्या पानांवरून गोधडी ओढत नेतंय. त्या आवाजावरून तात्या सांगायचे, आता जवळ आलंय, जरा पाय उचल. मग आम्ही पाय उचलायचो. मग परत लांब पडलं की बाभळीखाली थांबायचो. असं थांबत-चालत जायचं असतं. पाण्याला मागं टाकायचं नाही आणि पाण्याला पुढंही जाऊ द्यायचं नाही.

"बगळं हायत का?" तात्या मध्येच विचारायचे.

"हायत की. धा-बारा."

"मला दिसत्यात. पांढरं पांढरं दिसतं तेवढं." हे ते दर थोड्या वेळानं म्हणायचे. पांढरं दिसतं याचा त्यांना धीर होता.

चार मैल झाले असतील. ऊन डोक्यावर आलं. इथं एक छोटा पूल होता आणि पुलाच्या खालच्या अंगाला कालव्याचा तळ काँक्रीटचा केला होता, पन्नास-साठ पावलं लांब, तापून तव्यासारखा झालेला. बांधाच्या पलीकडं एक वस्ती होती. तात्यांचा घसा आरोळ्या देऊन बसला होता. भाकरी कोरडी उतरेना. ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि मला म्हणाले, "सुजे, वस्तीवरनं तांब्याभर पानी आन. हितं कुनी न्हाय, मी बसतो." मी खाली बघितलं. पुलाच्या वरच्या अंगाला खरंच कुणी नव्हतं. खालच्या अंगाला मी बघितलं नाही. कठडा ओलांडून दोन पावलं गेले असते तर दिसलं असतं. पण मला तहान लागली होती आणि वस्तीवरून ओल्या गव्हाचा आंबूस वास येत होता. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला मी काय सांगू.

वस्तीवर हौसाबाई नावाच्या बाईचं घर होतं. माहेर कळसकडचं, पाच फूट उंच, आवाज मात्र दोन माणसांचा. तिच्या लेकीचं, मंगलचं लग्न बारा-पंधरा दिवसांवर आलं होतं आणि रुखवताच्या कुरडया चालल्या होत्या. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक चुलीवर रटरटत होता. हौसाबाईनं मला पाणी दिलं आणि विचारलं पण नाही, ताटलीत गरम चीक वाढला, वर दूध-साखर. म्हणाली, "खा. तात्याची पोर म्हंजे आमचीच हाय." मी पायरीवर बसून खायला लागले. असा चीक मी नंतर स्वतः पन्नास वेळा केला असेल, पण ती चव काही जमली नाही.

मी सहज विचारलं, "मावशी, वाळत कुठं घातल्यात कुरडया? अंगनात तर दिसंनात."

"अंगनात कोंबड्या राहू देत्यात व्हय? तितं पाटात घातल्यात, पुलाखालच्या फरशीवर. पाच धोतरं भरून. काय मस्त तापतीय ती जागा, दोन दिसात कडकडीत."

माझा घास तोंडातच राहिला. "मावशी, पानी सुटलंय आज."

"सुटू दे की. तुझा तात्या हाय न्हवं पुलावर? वरडंल तो. त्यानं वरडल्याबिगर पानी पुलाखाली जात न्हाय," असं म्हणून ती सोऱ्या फिरवायला लागली.

आता इथं माझ्या हातून जे झालं ते मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही. मला तिथल्या तिथं म्हणता आलं असतं, मावशी, पळा, तात्यांना दिसत नाही. एवढेच शब्द. पण ते शब्द घराबाहेर काढायचे नाहीत हे माझ्या हाडात बसलं होतं. मी विचार केला, तात्यांना दिसेल. पाच धोतरं म्हणजे केवढं पांढरं. पांढरं तर त्यांना दिसतं. आणि मी अजून दोन घास खाल्ले. खाल्ले म्हणजे गिळले. मग मला आठवलं ते बगळे. तेही पांढरेच. मी ताटली खाली ठेवली, "तात्या वाट बघत असतील," असं काहीतरी पुटपुटले आणि वस्तीच्या कडेला येईपर्यंत चालत गेले, कुणाला संशय नको म्हणून. तिथून पुढं जी पळाले ती एक स्लिपर तिथंच राहिली.

भरावावर चढले तेव्हा पाणी पुलाखालून गेलेलं होतं. तात्या कठड्यावर शांत बसले होते, तोंड खालच्या अंगाला करून, शेंगा सोलत.

"तात्या, कुरडया."

"कसल्या कुरडया?"

"खाली. फरशीवर. तुमी आवाज दिला न्हाय का?"

"बगळं हायत ती," तात्या म्हणाले. "मघापासनं बसल्यात. लई धीट हायत, पानी आलं तरी उडंनात."

मी कठड्यावरून वाकून खाली बघितलं. गढूळ पाण्यात धोतरं फुगून वर आली होती, आणि त्यांच्या कडेनं कुरडया एकेक सुटून चालल्या होत्या. सकाळच्या ओल्या कुरडया लगेच विरघळल्या. आदल्या दिवशीच्या तेवढ्या तरंगत होत्या, गोल गोल, पाचोळ्याबरोबर. दिसायला इतकं छान दिसत होतं, की मला त्याचाच राग आला. तात्यांनी माझ्या गप्प राहण्यावरूनच ओळखलं. हातातल्या शेंगा त्यांनी परत फडक्यात ठेवल्या, एकेक करून.

हौसाबाई मागोमाग आलीच. माझी स्लिपर तिच्या हातात होती. तिनं पुलावरून खाली बघितलं आणि पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

"तात्याराव," ती म्हणाली, "झोपला व्हता का?"

"न्हाय."

"मग रुसला व्हता? मंगलच्या लग्नाचं बोलावनं आलं न्हाय म्हनून? पत्रिका अजून छापायला टाकलीया."

"न्हाय, हौसाबाई."

"मग काय झालं? तीन दिस गहू भिजवलाय मी. पाच पायली. सासरची मानसं रुखवतात काय बगनार, ही ओली धोतरं?"

तात्या उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला. मला वाटलं, आता सांगतील, पोरीला चक्कर आली होती, किंवा पाणी अचानक वाढलं. मी मान हलवायला तयारच होते. आम्ही दोघं त्यात तरबेज झालो होतो. पण तात्या म्हणाले, "मला बगळं वाटलं."

हौसाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग अगदी तोंडापाशी येऊन बघितलं, जसं बाजारात बैलाला बघतात. तात्यांच्या बुबुळावर आलेलं पांढरं तिला दिसलं असणार. तिचा आवाज एकदम एका माणसाचा झाला.

"कवापासनं हाय हे?"

"झाल्या की दोन पाळ्या."

चार झाल्या होत्या. त्या घडीलाही त्यांनी दोन तरी राखून ठेवल्या, आणि मला ते बरं वाटलं.

हौसाबाई कठड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. खाली पाणी चाललं होतं. मग ती म्हणाली, "कुरडया काय, परत करीन. अजून दिस हायत. पन तात्याराव, बगळं?" आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलायला लागलं. "पाच धोतरं भरून बगळं. आन धीट म्हनं." तात्यांच्या मिशा पण हलल्या. मी मात्र रडायला लागले, मला त्या दोघांचं हसू समजेना.

तिनं मला जवळ ओढलं आणि पायात स्लिपर घातली, लहान पोरीच्या घालतात तशी. "आमी कुनाला सांगत न्हाय," ती तात्यांना म्हणाली. "वस्तीवर सांगते, कुरडया वाऱ्यानं उडाल्या. तुमी जावा निवांत. पोर हाय संगं, निभावतंय तोवर निभावा."

तात्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. धोतरं तेवढी तिनं आणि मंगलनं पुढच्या वळणावर काठीनं काढली, ते मी मागं वळून बघितलं.

त्यानंतरचे तीन मैल आम्ही तसेच चाललो. भाकरी फडक्यात तशीच राहिली. तात्या आता दर पन्नास पावलांवर आरोळी द्यायचे, कालव्यात कुणी असो नसो. मी म्हणायची, "तात्या, कुनी न्हाय हितं," तरी द्यायचे. आवाज पार फाटला होता. एकदा ते थांबले आणि म्हणाले, "फरशी थंड असती सावलीला. पोरं झोपवत्यात बाया तितं, रानात कामाला आल्या की." मी म्हटलं, "हां." मग परत चालायला लागले. मला कळलं ते काय म्हणताहेत ते, पण मी कळलं नाही असं दाखवलं. पुढच्या पाळीला मी अजून नीट बघीन, पाणी आणायला जाणार नाही, चीक खाणार नाही, असं मी मनात घोकत होते. चौकी माझ्या डोळ्यांपुढं दिसत होती. लिंबाचं झाड, आईची चूल. हे सगळं माझ्या दोन डोळ्यांवर उभं आहे, असं मला वाटायचं. चौदा वर्षांच्या पोरीला एवढं ओझं फार होतं, हे आत्ता कळतं. तेव्हा ते ओझं आहे हेच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दारापाशी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. पुढचा चौकीदार आला होता. त्याला तिथून वरकुट्याकडं पाणी न्यायचं होतं. आणि नेमके त्या दिवशी पाटबंधारे खात्याचे साहेब जीपनं आले होते. साहेब तरुण होते, नवे, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलायला बरे. पाणी येऊन जरा स्थिरावलं तसे ते तात्यांना म्हणाले, "काय तात्या, पट्टीवर किती आलं?"

मी तात्यांच्या मागं उभी होते. पट्टी वाचली आणि पाठीवर बोट टेकवलं, नेहमीसारखं. दोन फूट, सात इंच. खाकी सदरा घामानं भिजून पाठीला चिकटला होता. तात्यांनी हात मागं नेला, माझं बोट धरलं आणि मला ओढून पुढं उभं केलं.

"साहेब, हिला इचारा," ते म्हणाले. "मला दिसत न्हाय."

साहेबांना वाटलं चेष्टा आहे. हसले. मग हसायचे थांबले. "म्हणजे किती दिसत नाही?"

"तुमचं तोंड दिसत न्हाय. रुमाल पांढरा हाय, तेवढा दिसतो." आणि मग तात्यांनी कुरडयांचं सगळं सांगितलं, हौसाबाईचं नाव न घेता. शेवटी म्हणाले, "आज खायाच्या वस्तूवर भागलं. चार पाळ्या झाल्या साहेब, मी लपवलं. दुसरा मानूस बगा."

साहेब माझ्याकडं वळले. मग मला विचारलं, "किती आहे गं?" मी म्हटलं, दोन फूट सात इंच. त्यांनी स्वतः वाकून बघितलं, मान हलवली. तात्यांना म्हणाले, "तात्या, हे पिकतं आणि काढता येतं. बारामतीला करतात. माझ्या आईचं काढलंय." तात्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. ते "बरं साहेब" म्हणाले, ते नोकरी गेल्यावर माणूस म्हणतो तसं. कमरेचा दाराच्या चाव्यांचा जुडगा काढून त्यांनी पुढच्या चौकीदाराच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. साहेब म्हणाले, "जीपमध्ये बसा, सोडतो." तात्या म्हणाले, "चालतोच. परतीला पानी हाय सोबतीला."

तुम्हाला पुढचं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. चौकी गेली नाही. ऑपरेशन झालं, आधी एक, मग सहा महिन्यांनी दुसरं, आणि तात्यांनी बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून आणखी कितीतरी पाळ्या पाणी चालवलं. मंगलच्या रुखवतात कुरडया होत्या, त्यांतल्या अर्ध्या आमच्या आईनं केलेल्या. मी शाळेत परत गेले, पण सातवीच्या पुढं काही गेले नाही. बाकीचं जे काही वाचलं ते आपलं आपण. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं नोकरी सोडून आल्यासारखे भरावावरून चाललो होतो. कालवा काठोकाठ होत होता, आणि आता कुणाला उठवायचं नव्हतं, कशाच्या पुढं राहायचं नव्हतं.

थोडं अंतर गेल्यावर तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उघड, लोकांच्या देखत. समोरून दोन बाया येत होत्या तरी काढला नाही.

"सुजे," ते म्हणाले, "काय काय दिसतंय, सांग की."

मी सवयीनं म्हटलं, "कालव्यात कुनी न्हाय."

"ते न्हवं. हिकडं तिकडं."

मला पहिल्यांदा सुचेचना. चार पाळ्या मी तात्यांना फक्त आकडे आणि शेरडं सांगत होते. मग मी सुरू केलं. उसाला तुरं आल्यात, त्याच्यावर ऊन पडलंय तर ते गुलाबी दिसत्यात. एका मळ्यात इंजिन सुरू झालंय, धूर सरळ वर चाललाय. एक मानूस सायकलीवरनं कडबा नेतोय, मागनं नुसता कडबाच चालल्यासारखा दिसतोय. तात्या "हां" म्हणायचे आणि खांद्यावरचं बोट जरा दाबायचे, म्हणजे पुढं. मी कधी एवढं बोलले नव्हते. आणि तेव्हा जी सुटले ती, घरचे म्हणतात, अजून थांबलेली नाही.

"पुढं?"

"एक म्हातारी पान्यात पाय सोडून बसलीया. चपला बाजूला काढून ठिवल्यात."

"कुनासंगं बोलती का?"

"न्हाय. एकटीच हाय. हसतीया."

"हसू दे," तात्या म्हणाले. "मग?"